तोरणाच्या बदल्यात शाळेची जागा

आमच्या गावच्या शाळेत कोणी पाहुणा आला की मुख्याध्यापक त्याला माझ्या बायकोची गोष्ट सांगायचे. पोळ्याच्या दिवशी बैलानं शिंग मारलं, डावा डोळा गेला, तरी बाई तपासणीच्या दिवशी पट्टी बांधून शाळेत हजर. पाहुणा चुकचुकायचा, पोरं टाळ्या वाजवायची. मीही ही गोष्ट सांगितली आहे. गावोगावच्या शाळा चालवणाऱ्यांची अमरावतीला एकदा सभा होती, तिथं माईकवर सांगितली.

गोष्ट खोटी आहे. बैलानं मारलं नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं मारलं, आणि मारत होता तो मला.

ती मागच्या हिवाळ्यात गेली. ते खोटं तिचं होतं, तिनं सांगितलं म्हणून मी सांभाळलं. आता सांभाळत नाही. लिहिण्यात चुका असतील तर असू द्या, मी चौथीतून सुटलेला माणूस. पाढा चुकला म्हणून गुरुजींनी कानाखाली अशी ठेवून दिली की कानातून रक्त आलं. त्या कानानं मला आजही ऐकू येत नाही. रडत घरी आलो तर बापानं विचारलं, काय केलं होतं? मी सांगितलं. बापानं दुसऱ्या कानाखाली दिली. शाळा तिथंच संपली.

आमच्या घरात मारणं हे बोलण्यासारखंच होतं. बाप बोलायचा कमी, मारायचा जास्त. भाऊ त्याच्यावर गेला. मी वेगळा होतो असं मी समजत होतो.

मला एकच पोरगी. गावात सरकारी शाळा चौथीपर्यंत होती. पाचवी ते सातवी गावानं स्वतः काढली होती. परवानगी सरकारची, कारभार गावाचा. मास्तर गावचेच, शिकून घरी बसलेले. सरकार म्हणायचं, नियम पाळा, पट दाखवा, पोरं शिकून दाखवा, नाहीतर परवानगी परत घेऊ. मास्तरांना पगाराची आशाच होती फक्त. वर्ग भरायचे एका बागवानाच्या गोदामात. तो फळांचा व्यापारी, शाळेच्या समितीचा अध्यक्ष. सचिव मी, म्हणजे जिथं बोट दाखवतील तिथं सही करणारा. संत्र्याच्या दिवसांत अर्ध्या गोदामात पेट्या आणि अर्ध्यात पोरं. माझी बायको तिथं खिचडी शिजवायची आणि दाराशी बसून राहायची. एकदा एक बाप कापूस वेचायला न्यायचं म्हणून आपल्या पोरीला वेणीला धरून वर्गातून ओढत बाहेर आला. बायकोनं खिचडीचं लोखंडी उलथणं त्याच्या नडगीवर हाणलं. तो खाली बसला. पोरगी आत पळाली.

"बाई माणूस हायस म्हनून सोडतो तुले," तो म्हणाला.

"सोडू नको," ती म्हणाली. "उठून दाखव पयले."

आमची पोरगी सातवी झाली. आठवीला रस्त्यावरच्या मोठ्या गावी जावं लागायचं, भाड्याच्या काळीपिवळी जीपमध्ये. आत मोठी माणसं बसायची, पोरींना मागं लटकत न्यायचे. एक दिवस कोण्या टवाळानं तिची ओढणी ओढली आणि ती चालत्या गाडीतून पडली. गुडघे फुटले, कोपर फुटलं. ती लंगडत घरी आली. लोक काय म्हणतील, या एका गोष्टीनं माझं डोकं फिरलं. हाताशी सायकलचा पंप होता. मी तिला पंपानं मारलं. त्या टवाळाला शोधायला नाही गेलो, तिलाच मारलं. तिची शाळा बंद केली आणि दोन उन्हाळ्यांनी तिचं लग्न लावून टाकलं. ती बाळापूरच्या अलीकडं दिली. तिथं तिनं काय सोसलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. आईला सांगायची.

लग्नाचा मांडव उतरला त्या दिवशी बायको मला म्हणाली, "आता गावातच धाव्वीपर्यंत शाळा पायजे. त्याच्यासाठी कोनाचे पाय धरा लागले तर धरीन. मोडा लागले तर मोडीन."

"आपली तर गेली," मी म्हटलं.

"आपली तुमी घालवली. बाकीच्याईच्या नाई जाऊ देत मी."

तेव्हापासून आमच्या घरात हे एकच काम. आधी आठवीची परवानगी.

परवानगीला नियम होता: शाळेच्या नावावर स्वतःची जागा पाहिजे, पोरांना खेळायला मैदान पाहिजे. भाड्याचं गोदाम चालणार नाही. आणि समितीतल्या कोणावर पोलिसात गुन्हा नाही, असं प्रतिज्ञापत्र पाहिजे. शिक्षण खात्याचे साहेब पोळा झाल्यावर तपासणीला येणार होते. गावठाणाला लागून अशी जागा एकच होती, पाटलांची.

मी आणि बागवान पाटलांच्या ओसरीवर गेलो. पाटलांनी चहा पाजला. म्हणाले, "जागा देतो. बक्षीसपत्र करून देतो, काई पैसा नको. पन तोरनाखालून पयली जोडी माही गेली पायजे."

पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडं गावाच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सगळ्या गावचे बैल त्याच्या मागं उभे राहतात. मानाची जोडी पहिली जाते, मग तोरण तुटतं, मग बाकीचे. हा मान आमच्या घराचा. कधीपासून ते कोणाला माहीत नाही. बाप गेल्यावर मोठ्या भावाचे बैल पुढं जायचे.

बागवान म्हणाला, "पाटील, जागेची बात चालू हाय. बैल कुठून घुसले मधात?"

"बैलच हायेत मधात. माह्या आजाचे दुसरे, माह्या बापाचे दुसरे, माहे दुसरे. एवढी जमीन असून एका जोडीच्या कास्तकाराच्या मांगं शेन तुडवत उभं राहा लागते. तुमाले नाई समजाचं ते."

बाहेर आल्यावर बागवान मला म्हणाला, "अपने घर में दो बकऱ्या, मले काय मान न् काय तोरन! पन भाऊ, हे जळतं इस्तू हाय. हात नको घालू."

मी घरी येऊन सांगितलं. बायको ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "इहिरीची पाळी एक दिवस तुमची, एक दिवस भासऱ्याईची. हाव का नाई?" भासरे म्हणजे तिचा मोठा दीर, माझा भाऊ.

"हाव."

"धुऱ्यावरच्या चिंचेच्या चिंचा अर्ध्या तुमच्या. हाव का नाई?"

"हाव."

"मंग मान बापाचा होता न्? त्याच्यात अर्धा तुमचा काहून नाई? एक वर्स त्याईचं, एक वर्स तुमचं. तुमचं वर्स पाटलाले देऊन टाका."

मला ते एकदम पटलं. आता हसू येतं, पण तेव्हा खरंच पटलं. आम्ही आयुष्यभर वाटण्याच पाहिल्या. शेत वाटलं, विहीर वाटली, आईचे दिवस वाटले, एक महिना त्याच्याकडं, एक महिना माझ्याकडं. मान वाटून घेता येत नाही हे डोक्यात आलं नाही. वाटणीच्या कागदात मान लिहिलेला नव्हता, मी म्हटलं राहून गेला असेल. तालुक्याला जाऊन स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं: तोरणाच्या मानातला माझा अर्धा हिस्सा, वर्षाआड एक पोळा, पाटलांना दिला. अर्जनवीस आधी हसला, मग त्यानं लिहिलं. पाटलांनी त्याच दिवशी शाळेच्या नावानं बक्षीसपत्र केलं.

भावाला मी विचारलं नाही. बायको म्हणाली होती, सांगा. मी म्हटलं, सांगीन. मी भीत होतो. ही खरी गोष्ट.

पोळ्याच्या संध्याकाळी भाऊ आपली जोडी घेऊन आला. शिंगांना रंग, पाठीवर झूल, एका बैलाच्या शिंगांवर मखर. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू होत्या, डफडं वाजत होतं. भाऊ तोरणाखाली पोचला तर पाटलांची जोडी आधीच तिथं उभी.

"हे कोन उभं केलं पुढं?" भावानं विचारलं.

पाटलांनी खिशातून कागद काढला. "तुया भावानंच लिहून देल्लं हाय. यंदाचं वर्स माहं."

भावाला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि माझ्याकडं पाहिलं. "काय हाय रे लहान्या हे?"

मी म्हटलं, "दादा, शाळेसाठी केलं. अर्धा हिस्सा माहा व्हता."

"हिस्सा?"

"हाव."

"मायचाही हिस्सा पाडून इकजो मंग." एवढं बोलून तो वळला. मला वाटलं घरी चालला. तो बाजूच्या बैलगाडीकडं गेला आणि तिची उभारी उपटली. उभारी म्हणजे गाडीच्या कडेला उभा ठोकलेला खुंट, मनगटाएवढा जाड. पहिला घाव त्यानं पाटलांच्या बैलाच्या तोंडावर घातला. बैल उधळला, जोडीदाराला ओढत मागच्या जोड्यांत घुसला. कासरे तुटले. एक म्हातारा बैलांच्या पायाखाली आला, त्याच्या बरगड्या मोडल्याचा आवाज मी माझ्या एका कानानं ऐकला. पाटलांचे गडी काठ्या घेऊन आले, आमच्या भाऊबंदांनी दगड उचलले. कोणाचं कोणाशी काय वैर ते कोणी पाहिलं नाही. ज्यांचा धुऱ्याचा तंटा होता त्यांनी तो काढला, ज्यांचा सोयरिकीचा होता त्यांनी तो. बागवान मधात पडून "अरे भाई, अरे भाई" करत होता, त्याच्या टाळूवर दगड बसला आणि तो खाली बसला, दाढीतून रक्त गळत. डफडं वाजवणाऱ्याच्या हाताची दोन बोटं चिरडली. लहान लेकरं बायांच्या पायांत घुसून किंचाळत होती.

मी पळालो नाही, हे खरं. पण शूरपणानं नाही, पाय हलत नव्हते म्हणून. भाऊ माझ्याकडं आला. त्याच्या तोंडातून फेस येत होता. "मान इकतं काय रे, मान इकतं?" म्हणून त्यानं उभारी दोन्ही हातांनी वर घेतली. मी डोळे मिटले. आवाज झाला, मला काही लागलं नाही. डोळे उघडले तर बायको माझ्या पुढ्यात होती, गुडघ्यांवर. ती कधी मधात आली ते मी पाहिलं नाही. तिचा डावा डोळा जागेवर नव्हता. तिथं रक्त आणि पांढरं काहीतरी होतं.

भावानं उभारी टाकली.

तिला जीपमध्ये घातलं. डोकं माझ्या मांडीवर. अकोल्यापर्यंत माझं धोतर रक्तानं कडक झालं. मी बडबडत होतो, दादाला जेलात सडवीन, त्याचं घर जाळीन, उभारीनंच त्याचा डोळा काढीन. तिनं माझा हात धरला. मला वाटलं ती बेशुद्ध आहे.

"बैलानं मारलं म्हना," ती म्हणाली.

"काय?"

"पोलिसात नका जाऊ. तुमी त्याईच्यावर केस कराल, ते तुमच्यावर करतीन. तुमी सचिव हा. परतिज्ञापत्र खोटं पडन. आठवी जाईन."

"आग लागो त्या आठवीले! तुहा डोळा गेला."

"गेला तं गेला. फुकट नका घालवू त्याले."

दवाखान्यात डॉक्टरनं पाहिलं. तरुण होता, चांगला होता. म्हणाला, "हे शिंगानं झालेलं दिसत नाही."

"साहेब, बैल माहा, डोकं माहं," ती म्हणाली. "तुमी टाके घाला."

दवाखान्यातला पोलीस शिपाई जबाब घ्यायला आला. त्यालाही तेच. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हाव, बैलानं." शिपाई म्हणाला, ठीक आहे, गावात येऊन बैल पाहून जाऊ.

म्हणून मी आधी गावी आलो. माझे दोन बैल होते. त्यातला तांबडा मी वासरू असल्यापासून वाढवलेला, त्यानं जन्मात कोणाला शिंग दाखवलं नव्हतं. घरची एक कोंबडी धरली, मान मुरगाळली, चिरली, आणि तिचं रक्त तांबड्याच्या शिंगाला चोपडलं. तो शांत उभा राहिला. माझा हात चाटायला लागला, मिठासाठी. मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. का मारली ते आजही सांगता येत नाही.

शिपाई आला, शिंग पाहिलं, लिहून घेतलं, चहा पिऊन गेला. पाटील गप्प, कारण त्यांच्या गड्यांनीही दोघांची डोकी फोडली होती. भाऊ गप्प. गाव गप्प. दंगलीत सगळ्यांचेच हात भरलेले, मग बैल सगळ्यांनाच बरा पडला. चार दिवसांत लोक खरंच म्हणायला लागले की बैल मारका आहे. हे मला सगळ्यात नवल वाटलं. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांचीच पोरं तांबड्याला दगडं मारायची. विहिरीवर नेताना एक जण कुंपणाची काटेरी फांदी घेऊन त्याच्या पाठीवर मारायचा. तांबडा खरंच बिथरला. शेवटी बाजारात नेला. गिऱ्हाईकानं विचारलं, मारतो काय? मी म्हटलं, मारते. खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं लागतं. मारका बैल नांगराला कोण घेतो? ज्यानं घेतला त्यानं कशासाठी घेतला ते मला माहीत होतं.

तपासणी आली. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात गावात सरकारी जीप शिरली की लोक दारात येऊन विचारायचे, कोणाच्या घरी? कोणी औषध घेतलं? साहेबांची जीप आली तेव्हाही पोरं मागं पळत ओरडली, "कोन मेलं? कोन मेलं?" साहेब दचकले. बागवान डोक्याला पट्टी बांधून पुढं झाला, "कोनी मेलं नाई साहेब. शाळा हाय. या."

बायको आदल्या दिवशीच हट्टानं सुटून आली होती. अर्धं तोंड पट्टीत, डोकं दुखून ओकत होती, तरी खिचडीच्या चुलीपाशी बसली. साहेबांनी विचारलं, हे काय झालं? तिनं सांगितलं. साहेब म्हणाले, अरेरे.

मग ते पाटलांनी दिलेल्या जागेवर गेले. चुन्यानं मैदान आखलं होतं. गाव जमलं होतं. साहेबांनी विचारलं, "या जागेबद्दल गावात काही वाद आहे का?"

भाऊ धुऱ्यावर उभा होता. दंगलीनंतर तो पहिल्यांदा घराबाहेर दिसला. एक शब्द बोलला असता तर सगळं मोडलं असतं. तोरण, कागद, उभारी, सगळं. बायको चुलीपासून उठून तिथवर आली होती. तिनं एका डोळ्यानं त्याच्याकडं पाहिलं. हात जोडले नाहीत, नुसतं पाहिलं.

भाऊ म्हणाला, "नाई साहेब. काई वाद नाई."

शरमेनं म्हणाला की भीतीनं, मला माहीत नाही. आठवीची परवानगी आली. पुढं नववी, दहावी. पहिल्या दहावीत पोरी पोरांपेक्षा जास्त होत्या. शेजारच्या दोन गावांनी आमचं पाहून आपापल्या शाळा वाढवल्या, समित्या केल्या, आमचे ठराव नेऊन उतरवून घेतले. आमचे मास्तर तिथं जाऊन शिकवून आले, त्यांचे आमच्याकडं. लोक मला विचारायचे, कसं केलं? मी सांगायचो, गावानं एकी केली. आणि बैलाची गोष्ट सांगायचो.

भावानं परत कधी तोरणाला बैल नेले नाहीत. त्याच्या पाळीच्या वर्षीही नाही. तो माझ्याशी बोलला नाही, मी त्याच्याशी नाही. विहिरीच्या पाळ्या मात्र दोघांनी बरोबर पाळल्या. बायकोचं डोकं मरेपर्यंत दुखत राहिलं. दुखलं की ती फडका करकचून बांधायची आणि भिंतीवर डोकं आपटायची, हळूहळू, ठक ठक. मी म्हणायचो, नको करू. ती म्हणायची, "यानं बरं वाटते." त्या भिंतीला एका जागी खळगा आहे.

ती गेल्यावर शाळेत शोकसभा ठेवली. तिच्या फोटोला हार. पोरगी आली होती, ती माझ्यापासून लांब, बायांत बसली. मुख्याध्यापकांनी बैलाची गोष्ट सांगितली. मग भाऊ उठला. काठी टेकत पुढं गेला, फोटोला फूल वाहिलं, आणि लोकांकडं वळून म्हणाला, "लय मोठ्या मनाची होती. त्या बैलानं घात केला तिचा."

मी कसा उठलो मला आठवत नाही. मी त्याची गचांडी धरली आणि त्याला फळ्यावर आदळलं. हार तुटला. "बैल? बैल म्हनते? कोंबडीचं रगत लावलं म्या त्याच्या शिंगाले! सांग कोनं मारलं. सांग लेकराईच्या समोर."

मास्तर धावले. भावानं त्यांना हातानं थांबवलं. त्याचा श्वास लागला होता. म्हणाला, "म्या मारलं. उभारीनं. याले मारत होतो, ती मधात आली." आणि मग मला, "सोड आता. पोरं भेली."

मी सोडलं. सभागृहातल्या शे-पाचशे माणसांनी ते ऐकलं. माझ्या पोरीनं तोंडाला पदर लावला. तिला आईनं सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून.

त्या सभेला तिसऱ्या एका गावची तीन माणसं आली होती. त्यांनाही आठवी पाहिजे. त्यांच्या पोरी अजून काळीपिवळीला लटकून जातात. सभा उधळल्यावर ती माणसं जाईनात. बागवानाचा मुलगा आता अध्यक्ष आहे, त्यानं विचारलं, काय काम होतं? त्यातला एक म्हणाला, "आमाले जागा भेटून राहिली. पन देनाऱ्याची अट हाय. हनुमान जयंतीले पयलं नारळ त्याचं फुटलं पायजे. आता ते दुसऱ्या एका घराचं फुटते. तुमच्या गावानं कसं जमवलं ते इचाराले आलो होतो."

भाऊ भिंतीला टेकून बसला होता, पाणी पीत. त्यानं पेला खाली ठेवला. "ज्याचं नारळ फुटते त्याले इचारलं काय?"

"नाई. भेतो आमी. लय तापट मानूस."

मी भावाकडं पाहिलं नाही, समोर पाहून बोललो. इतक्या वर्षांनी पहिलं बोलणं. "म्या तुले इचारलं असतं, तं देल्ला असता मान?"

भावानं विचार केला. खोटं बोलला असता तर मला चाललं असतं. "नसता देल्ला," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग शाळा नसती झाली. तिचा डोळा राह्यला असता." मग त्या तिघांना म्हणाला, "तरी इचारा. म्या येतो इचाराले. मारलं तं मले मारन तो. माहं मार खाचं राह्यलंच हाय."

आठ दिवसांनी त्या गावची जीप आली. मी भावाला माफ केलं नाही, आणि त्यानं माफी मागितली नाही. मी पुढं ड्रायव्हरजवळ बसलो, तो मागं. तो नारळवाला खरंच तापट निघाला. उंच, पिकल्या मिशांचा, ओसरीवर दोर वळत बसला होता. भावानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तोरण, कागद, उभारी, डोळा, काही गाळलं नाही. मग म्हणाला, "आता तुमच्या नारळाचं इचाराले आलो."

त्या माणसानं दोर खाली ठेवला, उठला, आणि भावाच्या कानफटात मारली. भावाची टोपी उडून अंगणात पडली. त्या गावची माणसं मागं सरली. माझा हात काठीवर गेला. भावानं माझ्याकडं मान हलवली, नको म्हणून. त्यानं टोपी उचलली नाही. तिथंच, पायरीवर, खाली बसला. मीही बसलो, एक पायरी सोडून.

"आता तुमी बोला," भाऊ म्हणाला.

तो माणूस बोलला. आजापासून सुरू केलं त्यानं. नारळ कसं त्यांच्या घराकडं आलं, कोण कोण आडवं आलं, कोणाचं डोकं कधी फुटलं. शिव्या दिल्या आम्हाला, त्या जागावाल्याला, शाळेला. आम्ही मधात बोललो नाही. ऊन पायऱ्यांवरून सरकून भिंतीवर गेलं. नारळ देतो असं तो म्हणाला नाही, देत नाही असंही म्हणाला नाही. चहा सांगितला नाही त्यानं. बऱ्याच वेळानं मात्र आत तोंड करून ओरडला, "पानी आना वो."

त्याची नात बाहेर आली, तांब्या आणि दोन पेले घेऊन. पाठीला दप्तर तसंच होतं. मी विचारलं, कितवीत? ती म्हणाली, सातवीत.